सात नंबरचा खुंट

लुता बेटावरच्या लोकांना मी फारशी आवडत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मी शेजारच्या गुआम बेटाची. गुआमहून लुताला जाणारी प्रत्येक वस्तू, मग ती गाडीचा टायर असो की लग्नाचा केक, आधी कुत्र्याने हुंगायची आणि तिकडे उतरल्यावर एक रात्र बारीक जाळीच्या कुंपणात पडून राहायची. कारण आमच्याकडे साप आहे. महायुद्धानंतर कुणाच्या तरी सामानातून आला. झाडावर चढणारा, बोटभर फटीतून आत शिरणारा. मी चालायला लागेपर्यंत आमच्या दक्षिणेकडची पाखरं त्याने खाऊन संपवली होती. लुता आमच्यापासून विमानाने तासभरही लांब नाही, पण तिथे साप पोचलेला नाही, म्हणून तिथे पहाटे पाखरांच्या कलकलाटाने झोपमोड होते.

मी पक्ष्यांच्या खात्यात तीस वर्षं काढली, आणि माझ्या लहानपणात एकही पक्षी नाही. ज्या रानात मी वाढले तिथे नुसती कोळिष्टकं. यावरून तुन गोरिओ मला चिडवायचे. म्हणायचे, "पक्ष्यांशिवाय पक्षीखातं म्हणजे नवऱ्याशिवाय संसार की गं." मी म्हणायचे, "नवऱ्याशिवाय संसार उत्तम चालतो, करून बघितलाय." मग ते लाल दात दाखवत हसायचे आणि मला सुपारी कातरून द्यायचे.

तुन गोरिओ लुताचे सगळ्यात जुने वनरक्षक. वडीलधाऱ्या माणसाला आम्ही 'तुन' म्हणतो आणि बाईला 'तान', पण त्यांनी मला कधी तान चिलांग म्हटलं नाही. सत्तावन्न वर्षांची मी, त्यांच्या लेखी पोरगीच. पंचवीस वर्षं आम्ही जोडीने मोजणी केली. गुआम, लुता, टिनिअन, सायपान, चारही बेटांनी मिळून घातलेला नियम असा, की कुणी आपल्या बेटावरचे पक्षी एकट्याने मोजायचे नाहीत, शेजारच्या बेटाचा माणूस बरोबर पाहिजे. आपल्याच लेकराचे पेपर आपण तपासू नयेत, म्हणून. रानात दहा खुंट रोवलेले. प्रत्येक खुंटाशी दोघांनी पाठीला पाठ लावून उभं राहायचं आणि आठ मिनिटं जे ऐकू येईल ते आपापल्या कागदावर लिहायचं. तोंडातून ब्र काढायचा नाही. मग दोन्ही कागद शेजारी शेजारी धरायचे.

मधली दोन वर्षं मी गेले नव्हते. एक वर्ष वादळात गेलं, दुसऱ्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तुन गोरिओंनी एकट्यानेच मोजलं आणि आकडे मालिआला पाठवून दिले. मालिआ म्हणजे हवाईत बसून सगळ्या बेटांचे आकडे जुळवणारी आमची वरिष्ठ. ती कुरकुरली, पण आकडे नेहमीसारखेच होते, म्हणून तिने चालवून घेतलं.

या एप्रिलमध्ये मी गेले. पहाटे पावणेसहाला रानाच्या तोंडाशी तुन गोरिओ थांबले, टोपी काढली आणि दर वेळेसारखं रानातल्या पूर्वजांना म्हणाले, "आजी, आजोबा, तुमच्या जागेतून जातोय, जाऊ द्या. तुम्हाला कधी आमच्या दारावरून जावंसं वाटलं तर तुम्हीही खुशाल जा." हे न म्हणता आत शिरणाऱ्याच्या अंगावर काळेनिळे डाग उठतात, पाय सुजतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मीही म्हटलं. गुआमला म्हणते तसं भराभर नाही, नीट.

पहिल्या सहा खुंटांशी कान किटले. तोतोत घुमत होता, लाल एगिगी चिवचिवत होती, आणि चिचिरिका, ती मूठभर पाखरू, शेपटीचा पंखा उघडून माझ्या टोपीवर बसायला आली. दूर कुठेतरी आगा ओरडला. आगा म्हणजे आमचा कावळा, आता जगात फक्त लुतावर उरलाय. सहाही ठिकाणी आमचे कागद जुळले. कुठे एखाद-दुसऱ्याचा फरक.

सातव्या खुंटाकडे वळलो आणि माझ्या तोंडावर कोळिष्टक आलं. पुसलं, तर आणखी एक. मी तिथेच थबकले. लुतावर पंचवीस वर्षांत माझ्या तोंडावर कोळिष्टक आलं नव्हतं. कोळी खायला तिथे पक्षी आहेत.

खुंटाशी त्यांच्या पाठीला पाठ लावून उभी राहिले. घड्याळ सुरू केलं. काही नाही. वारा होता, पानं होती, रातकिडे नको तितके मोठ्याने किरकिरत होते. ही शांतता कुणी मला ओळखायला शिकवायची गरज नाही. मी तिच्यातच जन्मले. बाहेरगावी अचानक आपल्या घरातला वास यावा, तसं झालं मला, आणि मी घाबरले. आठ मिनिटं संपली तेव्हा माझा कागद कोरा होता.

तुन गोरिओंच्या कागदावर अकरा पक्षी होते. चार चिचिरिका, तीन तोतोत, दोन एगिगी, दोन आगा.

"हे कुठे ऐकलंत?" मी विचारलं.

"इथेच की. का?"

"मला एकही ऐकू आला नाही."

त्यांनी माझा कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "कान तपासून घे पोरी. वय झालं तुझं."

"मागच्या सहा खुंटांना वय नव्हतं झालं का माझं?"

"उगाच वाद घालू नकोस. लिही अकरा आणि चल पुढे, ऊन चढतंय."

मी अकरा लिहिले नाहीत. आठव्या खुंटाशी पुन्हा कलकलाट होता आणि आमचे कागद पुन्हा जुळले. हे माझ्या कानांचं काम नव्हतं. पण सातव्या खुंटाचं नाव काढायची माझी हिंमत होईना, कारण तिथून चाळीस पावलांवर कोकोंचा जुना पिंजरा आहे. तो मीच उभा केला होता.

आता ती गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

कोको हा जमिनीवर पळणारा पक्षी, उडता येत नाही. आमच्या रानातून संपला, पण पिंजऱ्यात वाढवून आम्ही त्याला टिकवलाय. पिंजऱ्यात जन्मलेले पक्षी लुताच्या रानात सोडायचे, असं चारही बेटांनी मिळून ठरवलं. तीन वर्षांपूर्वी सोळा कोको लुताला पाठवायला मी विमानतळावर नेले. कोको जात्याच घाबरट; कुत्रं जवळ आलं तर धसक्यानेच मरतो. आधीच्या खेपेला दोन तसेच गेले होते, माझ्या हातात. म्हणून या खेपेला विमानतळावर बेनी त्याचं कुत्रं घेऊन खोकी हुंगायला आला तेव्हा मी त्याला अडवलं.

"कुत्र्याला लांब ने, बेनी. खोकी मी हाताने बघते."

"तान चिलांग, नियम आहे."

"तो नियम मीच लिहिलाय. मला सांगू नकोस."

ते खरंही होतं. बेनी बिचारा कुत्र्याला घेऊन सावलीत जाऊन बसला. पक्ष्यांना लपायला आडोसा हवा म्हणून मी खोक्यांत केळीची वाळकी पानं कोंबली होती, आमच्याच आवारातली. सापाचं पिल्लू पेन्सिलीएवढं असतं, पानाच्या गुंडाळीत बसून राहतं, हे दरवर्षी नव्या लोकांना मीच शिकवते. आणि मी पानांवरून नुसता हात फिरवला. कागदावर 'कुत्र्याने तपासले' याच्यापुढे बरोबरची खूण केली, सही ठोकली. सोळाच्या सोळा पक्षी जिवंत पोचले. मला तेव्हा स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुन गोरिओंना म्हटलं, सातव्या खुंटाशी पुन्हा उभं राहू, आणि या वेळी रेकॉर्डर लावू. ते रागावले. "पंचवीस वर्षांत माझ्यावर यंत्र लावलं नाहीस ते आज लावतेस?" पण आले. पुन्हा पाठीला पाठ, आठ मिनिटं. माझा कागद कोरा. त्यांच्या कागदावर नऊ.

दुपारी त्यांच्या पडवीत बसलो. त्यांची मुलगी ताटात भाकरीसारखी तितिया आणि लिंबात मुरवलेलं कोंबडीचं केलाग्वेन ठेवून गेली होती. दोघांनीही हात लावला नाही. मी आधी स्वतः ऐकलं. मग हेडफोन काढून त्यांच्या कानांना लावले.

त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, पण बघत राहिले. आधी जरा हसू होतं, आता बघ कशी तोंडघशी पडतेस, असं. मग ते हसू गेलं. आवाज मोठा करायला त्यांनी बोटाने खूण केली. मी केला. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि आठही मिनिटं हलले नाहीत.

हेडफोन काढून त्यांनी विचारलं, "हा म्हातारा कोण बोलतोय?"

मला वाटलं ते थट्टा करतायत. ते थट्टा करत नव्हते.

"तुन गोरिओ, तुम्हीच आहात ते."

रेकॉर्डरवर वारा होता, रातकिडे होते, एकदा माझं खोकणं होतं. आणि त्या सगळ्याच्या खाली, अगदी हळू, त्यांचा आवाज होता. 'चिचिरिका... डावीकडे अजून एक... तोतोत... आगा, आला आगा, लांबून.' आठ मिनिटं ते पुटपुटत होते, मध्ये मध्ये थांबत, माणूस ऐकताना थांबतो तसं. पक्षी एकही नव्हता. पाठीला पाठ लावून मी उभी होते आणि मला त्याचा पत्ता लागला नव्हता.

"मी बोललो?" ते म्हणाले. "मोजताना मी बोलत नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मला ऐकू येतात ते. आईशपथ. तुला आत्ता माझं बोलणं ऐकू येतंय तितकेच स्पष्ट."

"माझा विश्वास आहे."

त्यांनी सुपारी कातरायला घेतली आणि म्हणाले, "आजी-आजोबा काढत असतील आवाज. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून." हे बोलताना त्यांनी हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मलाही हसता आलं नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

मग त्यांनी मला ते सांगितलं. मी काही विचारलंही नव्हतं. "ते तुझे कोको आले ना, तेव्हा त्यांना मी एक रात्र जाळीत ठेवलं नाही. कुंपणाला छप्पर नाही, दुपारची दोन वाजताची वेळ. भाजून निघाली असती पाखरं. तसाच ट्रक रानात नेला. कागदावर 'एक रात्र' लिहिलं. म्हटलं, चिलांगने पाठवलंय, म्हणजे कुत्र्याने सगळं नीट हुंगलेलं असणार. दुसऱ्या वर्षापासून तिथे जरा शांत वाटायला लागलं. मी आपलं मनात म्हणायचो, आज वारा आहे, आज पाऊस आहे. मग एकदा पुन्हा ऐकू यायला लागले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू."

आता माझी पाळी होती. इतक्या वर्षांत मी या माणसाशी भांडले, त्याच्याकडे जेवले, त्याच्या बायकोच्या शवपेटीला खांदा दिला. त्याच्यासमोर आता तोंड उघडायचं होतं.

"कुत्र्याने हुंगलं नव्हतं," मी म्हणाले. "मीच हुंगू दिलं नाही. खूण खोटी आहे."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं एवढंच म्हणाले, "म्हणजे तू माझ्यावर सोडलंस आणि मी तुझ्यावर."

"हो."

"आणि मध्ये कुणीच नव्हतं."

तिथूनच मी मालिआला फोन लावला. आवाज मोठा ठेवला, म्हणजे त्यांनाही ऐकू येईल. खोकी, केळीची पानं, कुत्रं, खूण, सही, सगळं सांगितलं. तुन गोरिओंनी मध्येच फोन ओढून आपलं सांगितलं.

"तीन वर्षं, चिलांग?" मालिआ म्हणाली.

"तीन वर्षं."

"तू? दुसऱ्या कुणी केलं असतं तर तू त्याला उभं सोललं असतंस."

"सोललंच असतं," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी माणसं आली. गुआम, सायपान, हवाई मिळून चौदा जण, डोक्याला दिवे बांधून रात्रभर झाडन् झाड बघणारे. त्यांतल्या निम्म्यांना मीच शिकवलेलं. माझ्याशी सगळे नीट बोलायचे, पण मी जवळ गेले की बोलणं थांबायचं. बेनीही आला होता कुत्रं घेऊन. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे तान," आणि कुत्र्याच्या पट्ट्याशी खेळत बसला. बंदर बंद झालं. गुआमच्या पिंजऱ्यांत लुतासाठी वाढवलेले बत्तीस कोको होते, त्यांचं येणं कायमचं रद्द झालं. गावात दुकानदार मला बघून दार लोटून घ्यायचे, म्हणून मी बाहेर पडणंच सोडलं.

बाराव्या दिवशी कोकोंच्या पिंजऱ्याच्या लाकडी खांबाच्या चिरेत कात मिळाली. हातभर लांब, अखंड, डोळ्यांवरच्या खपल्यांसकट. मालिआ तोवर स्वतः आली होती. तिने कात पांढऱ्या कापडावर ठेवली आणि आम्हा दोघांना बोलावलं.

"एकाचं हे काम नाही," ती म्हणाली. "रानाचा एवढा तुकडा रिकामा करायला एक साप पुरत नाही."

साप मिळाला नाही. एकवीस रात्री शोधलं, सापळे लावले, सापळ्यांत उंदीर अडकले. ज्याची कात होती तो कुठेतरी आहे, आणखी किती आहेत ते कुणी सांगू शकत नाही. लुतावर आता प्रत्येक जण झोपताना खिडकीच्या फटीत कापड कोंबतो. गुआमला आम्ही लहानपणापासून कोंबत आलोय. त्यांना ते माझ्यामुळे करावं लागतंय, आणि त्यांच्या आगाला तर खिडकीही नाही. हे मला रोज आठवतं.

मला नोकरीतून काढणार होते. मीच राजीनामा लिहिला. तुन गोरिओ पेन्शनीत गेले. पण जायच्या आधी मालिआने आम्हाला शेवटची एक मोजणी करायला सांगितली, कारण दहाही खुंटांशी वर्षानुवर्षं ऐकलेले कान दुसऱ्या कुणाकडे नव्हते. तिची माणसं यंत्रं घेऊन निघून गेली होती. आम्ही दोघंच होतो, कागद आणि पेन्सिल.

रानाच्या तोंडाशी तुन गोरिओंनी टोपी काढली, पण परवानगी मागताना त्यांना शब्द आठवेनात. मी सांगितले, ते माझ्या मागून म्हणाले.

सातव्या खुंटाशी उभे राहिलो. त्यांनी तोंडावर रुमाल बांधून घेतला होता, स्वतःचा आवाज येऊ नये म्हणून. मी घड्याळ सुरू केलं. वारा, पानं, रातकिडे. दोन मिनिटं, तीन मिनिटं. चौथ्या मिनिटाला माझ्या उजवीकडे, हात पुरेल इतक्या जवळ, चिचिरिका बोलली. बारीक, चढत जाणारी शीळ, शेवटी गिरकी. मग दुसरी. मी मान वळवली. फांदी रिकामी होती. आवाज त्याच फांदीवरून येत होता. मी ओठांवर बोटं दाबून धरली. ओठ हलत नव्हते. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि लाज वाटते सांगायला, पण ते आनंदाचं होतं.

आठ मिनिटं संपली. तुन गोरिओंनी रुमाल सोडला आणि कागद पुढे केला. कोरा होता.

"काहीच नाही," ते म्हणाले. म्हातारा एका महिन्यात खंगला होता. "गेले, पोरी. आता मलाही नाही ऐकू येत. तुझं काय?"

तीस वर्षांत ऐकलेलं मी कधी लिहायचं सोडलं नव्हतं. त्या दिवशी शून्य लिहिलं आणि कागद त्यांच्या कागदाशेजारी धरला. त्यांनी दोन्ही कागद बघितले, मान हलवली, म्हणाले, "जुळले." आम्ही आठव्या खुंटाकडे चालू लागलो, ते पुढे आणि मी मागे. वाटेचं वळण येईपर्यंत ती माझ्या पाठीशी गातच होती.